उबेतली बाटली

"काकू, थंड होतंय का बघा ना," म्हणत यमुनाने माझा हात ओढून स्वतःच्या ब्लाउजवर ठेवला. भरल्या एसटीत! समोरचा म्हातारा डोळे वटारून बघायला लागला.

"औषधाची बाटली आहे हो!" मी त्याला दटावलं.

औषध कसलं, तिच्या नवऱ्याचं, एकनाथचं वीर्य होतं ते. नऊ वर्षं पोर नाही, म्हणून डहाणूच्या डॉक्टरीणबाईंनी तपासायला मागितलेलं. तलासरीच्या ऑफिसातला हा कारकून दवाखान्यात यायला लाजला. घरीच बाटली भरून बायकोच्या हातात दिली न् पळाला. अंगाच्या उबेत ठेवा, तासाभरात आणा, असं बाईंनी बजावलेलं. आणि ब्याण्णव सालच्या चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा! गाडी जागची हलेना.

मी शेजारीण, पण माझ्या जिभेला हाड नाही. तिच्या कानात म्हटलं, "अगं, खिडकीत वाऱ्याला धर ती. त्यातले जंतू मेले तर मेले, खोट त्याच्यावर जाईल. जिवंत निघाले तर तुझी सासू वाणगावची पोर सवत म्हणून आणणारच आहे."

यमुनाने बाटली आणखी आत सरकवली. "नऊ वर्षं ऐकतेय, काकू. खरं काय ते एकदा कळू दे."

मग मीच उठले. "वाट द्या! माणसाला साप चावलाय! सात फुटी नाग! औषध थंड झालं की माणूस गेला!"

लोकांनी आम्हाला उचलूनच खाली उतरवलं, चिकूच्या टेम्पोत बसवलं न् पुढची गर्दीही हटवली. टेम्पोवाला विचारतो, "जगेल का हो?"

यमुना म्हणाली, "तेच बघायला चाललोय."

बाईंनी काचेवर थेंब घेतला, आम्हालाही दुर्बिणीतून बघू दिलं. खाडीतल्या बोईट मासळीसारखी झुंबड! एकाने तर माझ्याकडे बघून शेपूट हलवलं, शपथ.

"चांगले आहेत," बाई म्हणाल्या. "पण पळणं वेगळं, चिकटणं वेगळं. बाईच्या बीजाला धरायला त्यांच्या अंगावर एक प्रथिन लागतं. कुणाकुणात ते जन्मापासूनच नसतं. माझ्या या दुर्बिणीत ते दिसत नाही. तेव्हा दोष तुझाच, असं कुणाला म्हणू देऊ नको."

संध्याकाळी एकनाथ स्टँडवरच उभा. "काय निघालं?"

यमुनाने दोन्ही गोष्टी सांगितल्या. मुंबईला पुढची तपासणी होते, तेही सांगितलं. त्याने पहिली तेवढी ऐकली. घरापर्यंत असा ऐटीत चालला, जसा काही निवडून आलाय.

दिवाळीनंतर वाणगावची संगीता घरात आली. तीन वर्षं गेली, तिलाही काही नाही. सासू आता तिला घेऊन देवदेव करत फिरायची.

एकदा मी विरजण मागायला गेले, तर मागच्या दारी यमुना संगीताचे केस विंचरत बसलेली.

"ताई, माझंच काहीतरी चुकत असेल ना?" पोर मुसमुसत होती.

यमुनाने आवाज चढवला नाही. पण पलीकडे खुर्चीत बसलेल्या एकनाथला ऐकू जाईल, असं म्हणाली, "तुझं काही चुकत नाही गं."

एकनाथने पेपर आणखी वर धरला.