साउइनची पानं

कुस्करलेल्या बटाट्यात गोबनेटने कोबी कालवला, मधोमध लोण्यासाठी खळगा केला आणि ताटली रिकाम्या खुर्चीसमोर ठेवली.

"आई, आपण तर तिघंच आहोत," तिची सून एथना म्हणाली.

"आज साउइन ना, गेलेल्यांनी घरी यायची रात्र! हे तुझ्या सासऱ्यांचं पान."

एथना डब्लिनची. लग्न होऊन तिला या घरात दोन वर्षंही झाली नव्हती. तिच्या माहेरी या संध्याकाळी पोरं मुखवटे घालून लोकांना घाबरवत. आणि गेल्या रविवारी इथल्या पाद्रीबाबांनी तर हा सैतानाचा सण म्हणून सगळ्यांना बजावलं होतं.

"म्हणजे भुतांना जेवायला वाढायचं?"

"भुतं तुमच्या डब्लिनला. इथे आपलीच माणसं येतात," गोबनेट म्हणाली. "थंडी पडली, गुरं डोंगरावरून खाली आली, की गेलेल्यांनाही घरची ऊब हवीशी वाटते. त्यात सैतान कुठून आला?"

"सैतान नाही, पण बाबा येतील ते मीठ कमी पडलं म्हणतच," गोठ्यातून येऊन हात धुणारा फिन्टन आईला चिडवत म्हणाला.

एथनालाही हसू आलं. मग गोबनेटने फडताळातून एक लाकडी वाटी काढली, मुठीत मावेल एवढी. तिच्यात दूध ओतलं आणि ती एथनाच्या ताटलीला खेटून ठेवली.

"आणि हे?"

गोबनेट लोणी कापत राहिली. "एवढ्याशा जिवाला बटाटा कसा पचेल?"

फिन्टन हात पुसता पुसता थांबला. वसंतात एथनाला मुलगी झाली होती. ती रडलीच नाही. बाप्तिस्मा झाला नव्हता म्हणून तिला दफनभूमीत जागा मिळाली नाही. फिन्टनने खोकं काखेत घेऊन तिला समुद्राकाठच्या माळावर, अशाच इतर बाळांशेजारी पुरलं. तेव्हापासून घरात तिचा विषय निघाला नव्हता. सासूला तो नकोच आहे, असं एथना धरून चालली होती.

"मला वाटलं, तुम्ही विसरलात."

"विसरेन कशी? तुझ्यासमोर बोलायला जीभ रेटेना, पोरी."

एथनाने तिचा लोण्याने माखलेला हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"मी तिचं नाव ठेवलं होतं," ती म्हणाली. "मनातल्या मनात. यांनाही सांगितलं नाही."

"मग सांग की. हाक कशी मारू तिला?"

"मिरेन."

गोबनेटने दार उघडलं. बाहेर अंधारून आलं होतं. पलीकडच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशी तिने हाक मारली,

"मिरेन, ए बाळा, चल जेवायला!"