मशीनला ‘हो’ म्हणणारा ड्रायव्हर

आमच्या हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर, मेडिसिनच्या ओपीडीसमोर, बीपी मोजायची दोन मशीनं आहेत. पेशंटने स्वतः नळीत हात घालायचा, निळं बटण दाबायचं, बाहेर येणाऱ्या चिठ्ठीवर आपलं नाव लिहायचं आणि ती नर्सच्या खिडकीतल्या टोपलीत टाकायची. सगळं इतकं सोपं आहे की तिथे समजावून सांगायला पिवळं जाकीट घातलेलं एक माणूस दिवसभर उभं करावं लागतं. मंगळवारी आणि गुरुवारी ते माणूस मी असते.

त्याआधी एकतीस वर्षं मी इथल्याच, दक्षिण कोरियातल्या या थोंगयोंग बंदराच्या बसस्टँडवर तिकिटं विकली. काचेच्या भोकातून नुसते हात यायचे, आणि हातावरून मी ओळखायचे की हा लेकीकडे चाललाय की कोर्टात. ती सवय सुटत नाही. म्हणून माझ्या जाकिटाच्या खिशात एक वही असते आणि तिच्यात मी रेघा ओढते. जाड कोटासकट हात घालणारे, एका पानावर. एकदाच मोजून जाणारे, दुसऱ्या. तीनदा मोजून सगळ्यात कमी आकड्याची चिठ्ठी टाकणारे, तिसऱ्या. त्यात चर्चला जाणाऱ्या बायका जास्त. आणि ‘मशीन बिघडलंय’ म्हणणारे, शेवटच्या पानावर. आजवर एकाही चांगल्या आकड्याच्या माणसाचं मशीन बिघडलेलं माझ्या पाहण्यात नाही.

जानेवारीतल्या त्या गुरुवारी थाक कीबोम आला तो जिन्याने, धापा टाकत. लिफ्टसाठी थांबायला त्याला वेळ नव्हता. कीबोम आमच्या स्टँडवरचा टॅक्सीवाला. मी खिडकीत बसायचे तेव्हा तो बाहेर रांगेत गाडी लावून पेंगायचा. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून तो मला ताई म्हणतो. मी त्याला काय वाटेल ते म्हणते.

त्याला दाखला हवा होता. सत्तरी ओलांडलेल्या टॅक्सी ड्रायव्हरला डॉक्टरचा दाखला दिल्याशिवाय परवाना पुढे चालवून मिळत नाही, आणि त्याची मुदत उद्या संपत होती. बाकीचं सगळं त्याने मागच्या आठवड्यात उरकलं होतं. डोळे झाले, कान झाले, मुठीचा जोर झाला. अडलं होतं ते बीपीवर. वरचा आकडा एकशे साठच्या खाली हवा. सकाळच्या चिठ्ठ्यांची टोपली साडेअकराला उचलतात आणि भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

पहिला आकडा आला एकशे अठ्ठ्याहत्तर.

मी त्याला सांगितलं की जिने चढून आल्या आल्या मोजलं तर आणखी काय येणार, आधी अंगातलं ते फुगलेलं जाकीट काढ आणि पाच मिनिटं गप्प बस. जाकीट त्याने काढलं. बसणं मात्र त्याच्याच्याने होईना. खिडकीपाशी जाऊन खाली लावलेली गाडी पाहून आला, किल्ली खिशात आहे का ते चाचपलं, परत बसला. मग मन शांत करायला म्हणून कोपऱ्यातल्या यंत्रातून दूध-साखरेची कागदी पेल्यातली कॉफी घेऊन आला. आमच्याकडे मन शांत करायचा हाच एक उपाय पुरुषमाणसांना ठाऊक आहे. लग्न मोडलं तरी कॉफी, जहाज बुडालं तरी कॉफी. एकशे एकाहत्तर आले. त्यावर त्याने दुसरा पेला घेतला. एकशे चौऱ्याहत्तर. तिसऱ्या पेल्याला मी त्याच्या हातावर चापट मारली आणि तो कुंडीत ओतला.

तीनदाहून जास्त मोजणाऱ्यांसाठी माझ्या वहीत रकाना नव्हता. साडेदहाला मी नवा आखला.

पावणेअकरापर्यंत त्याच्या शर्टाच्या खिशात सहा चिठ्ठ्या जमल्या होत्या. तो त्या काढून पत्त्यांसारख्या पसरायचा, पाहायचा, परत खिशात घालायचा. सगळ्यात कमी आकडा एकशे पासष्टचा. मध्ये एक बाई मशीनपाशी आली तर हा उठून तिच्या मागे उभा राहिला आणि तिच्या आकड्याकडे असा पाहायला लागला, जणू तिने याच्या वाटणीचा घेतला. बाई एकशे बाराची चिठ्ठी घेऊन गेली. “लोकांचं नशीब बघा,” तो मला म्हणाला. मी म्हटलं, ती जेवणात खारवलेली कालवं भाताइतकी घेत नसेल.

मग तो माझ्याजवळ सरकून बसला आणि आवाज खाली आणला.

“ताई, तुमचा हात द्या ना एकदा.”

“माझा हात मागायला तू पन्नास वर्षं उशीर केलास.”

तो हसला नाही, तेव्हा मला कळलं की प्रकरण खरंच गंभीर आहे. त्याचं म्हणणं साधं होतं. चिठ्ठीवर आकडा असतो, वेळ असते, नाव आपणच लिहायचं असतं. खिडकीतली प्यो नर्स नाव वाचते, हात कोणाचा होता ते विचारत नाही. माझी प्रकृती ठणठणीत, हे सगळ्या मजल्याला माहीत. मी हात घालायचा, नाव तो लिहील.

मी त्याला आधी सोलून काढला. म्हटलं, उद्या गाडी चालवताना भोवळ आली तर तिथेही माझंच डोकं लावशील का. म्हटलं, एकाहत्तर झाली, घरी बस, मुलगा पुसानला आहे त्याच्याकडे जा. तो ऐकत होता आणि अंगठ्याने किल्लीची कड घासत होता.

“घरी बसून काय करू?” तो म्हणाला. “बायको गेल्याला चार वर्षं झाली. घरात भाताचा कुकर बोलतो तेवढाच. गाडीत निदान ती नकाशावाली तरी असते. पुढे डावीकडे वळा म्हणते, मी हो म्हणतो. सावकाश चालवा म्हणते, हो म्हणतो. रात्री गाडी बंद केली की मी तिला येतो म्हणून सांगतो. हसा तुम्ही.”

मी हसले नाही. अकरा वाजले होते. मी जाकिटाची बाही वर केली आणि नळीत हात घातला.

असं करू नये हे मला कळत होतं. आणि एवढं करून मी कोणाचं काय बिघडवणार आहे, असंही वाटत होतं. मशीनमधली बाई म्हणाली, मापन सुरू होत आहे, कृपया बोलू नका, हलू नका. माझ्या बाजूला उभा असलेला कीबोम मान लववून म्हणाला, “हो.”

मी त्याच्याकडे पाहिलं. बोलायचं नव्हतं म्हणून नुसतंच पाहिलं. दंड आवळला गेला, सुटला, आकडे खाली उतरत गेले आणि थांबले. एकशे चौऱ्याऐंशी.

“मशीन बिघडलंय,” मी म्हणाले.

म्हटल्यावर माझं मलाच ऐकू आलं. पण तेव्हा मला त्याचं काही नव्हतं. मी उठून दुसऱ्या मशीनवर गेले. एकशे एक्याऐंशी. पिवळं जाकीट काढलं, पुन्हा मोजलं. एकशे त्र्याऐंशी. दोन वर्षं मी त्या मशीनांपाशी उभी होते, शेकडो लोकांच्या बाह्या वर केल्या होत्या, आणि स्वतःचा हात एकदाही आत घातला नव्हता. ज्या खिडकीतून आपण तिकिटं विकतो तिथून आपणच गावाला जात नाही, तसं. चौथ्यांदा बटण दाबायला गेले आणि हात मागे घेतला. मी चिठ्ठ्या चुरगाळून मुठीत धरल्या आणि त्याला म्हटलं की सकाळी जरा खारट सूप झालं, त्याचंच असणार.

आता जो माणूस तासभर एका जागी बसला नव्हता, त्याने मला खांद्याला धरून खाली बसवलं. पाय जमिनीला टेकवा म्हणाला. पाठ टेका. बोलू नका. माझीच वाक्यं, माझ्याच क्रमाने. मग मूठ उघडून चिठ्ठ्या काढून घेतल्या आणि गुडघ्यावर ठेवून सरळ करायला लागला.

“ही टोपलीत टाकतो,” तो म्हणाला.

“टाकून तर बघ. आधी स्वतःची टाक.”

“माझी टाकण्यासारखी आली की दोन्ही टाकू. नाही तर कोणाचीच नाही. मग तुम्ही तुमच्या घरी, मी माझ्या.”

घड्याळात अकरा वाजून अठरा मिनिटं. समोरच्या खिडकीत प्यो नर्स टोपलीतल्या चिठ्ठ्या ठोकून सारख्या करत होती. मी त्याच्याकडे पाहत बसले आणि मला मघाचं ते ‘हो’ आठवलं. मान लववून म्हटलेलं, अगदी मनापासून.

“तू मशीनला उत्तर देतोस,” मी म्हटलं.

तो म्हणाला, छे. मी म्हटलं, देतोस, मी ऐकलं. ती तीनदा बोलते. सुरुवातीला, मध्ये, आणि सैल सोडण्याआधी. तू तीनदा हो म्हणतोस आणि तीनदा मान हलवतोस. ती बोलू नको म्हणते त्यालाच तू हो म्हणतोस. एवढ्याने आकडा वर जातो, माहीत आहे?

तो म्हणाला की कोणी इतक्या आदराने सांगितल्यावर गप्प कसं बसायचं, ते बरं दिसत नाही. मी त्याला समजावलं की ती माणूस नाही. त्याने मान डोलावली, नळीत हात घातला, बटण दाबलं, बाई बोलली, आणि त्याचे ओठ उघडलेच. मी लाल बटण दाबून मापन थांबवलं.

अकरा बावीस.

“ऐक,” मी म्हटलं. “तू गप्प राहा. तुझ्या वाटचं मी बोलते.”

त्याने पुन्हा हात घातला. मी मशीनच्या समोर, जरा वाकून उभी राहिले. बाई म्हणाली, मापन सुरू होत आहे, कृपया बोलू नका. मी म्हटलं, हो. त्याने डोळे मिटले. बाई म्हणाली, हात सैल ठेवा. हो, ठेवलाय, मी म्हटलं. शेजारच्या बाकावरचा एक म्हातारा आपल्या बायकोला कोपराने ढोसून माझ्याकडे दाखवत होता. बाई म्हणाली, थोडा वेळ थांबा. मी म्हटलं, थांबलोय, सावकाश होऊ दे. कीबोमचे खांदे, जे सकाळपासून कानांना लागले होते, ते खाली आले.

एकशे सत्तावन्न.

तो आकड्याकडे पाहत राहिला. मी चिठ्ठी फाडून त्याच्यासमोर धरली. त्याने थाक कीबोम असं नाव लिहिलं, सावकाश, शाळेत लिहितात तसं. मग माझ्या तीन चिठ्ठ्यांतली एक उचलली आणि तिच्यावर माझं नाव लिहिलं. आकडा निवडताना त्याने सगळ्यात मोठा निवडला. मी त्याच्या हातून ओढून घेणार होते, पण तोवर तो टोपलीपाशी पोचला होता. अकरा अठ्ठावीस.

प्यो नर्सने टोपली आत घेतली. आम्ही दोघं बाकावर बसलो. मी वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि ‘मशीन बिघडलंय’च्या खाली एक रेघ ओढली. नियम म्हणजे नियम. मग सुचेना पुढे काय करावं, म्हणून वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली. पिवळं जाकीट मांडीवर होतं. ते घालून उभं राहावं, म्हणजे कोणी मला काही विचारणार नाही, असं फार वाटत होतं. एक बाई आली आणि मला विचारायला लागली की कोट काढायचा का. मी तिला नुसतं मशीनकडे बोट दाखवलं.

खिडकी उघडली. प्यो नर्सच्या हातात एकच चिठ्ठी होती. सगळ्या पेशंटांना ती आई-बाबा म्हणते, पण मला आजवर कधी म्हणाली नव्हती.

“मल्सुन आई आहेत का? डॉक्टर आत्ता बोलावतायत, सगळ्यांच्या आधी.”

मी जाकिटाची घडी घालायला लागले. शेजारी कीबोम उठला, खिडकीकडे वळला आणि मान लववून म्हणाला, “हो.”