ताम मावशीचा देव्हाऱ्यातला फोटो

लग्नाचा फोटो काढायला येणारी माणसं आणि देव्हाऱ्यातला फोटो काढायला येणारी माणसं, यात नखरे कुणाचे जास्त, असं मला विचाराल तर मी डोळे झाकून सांगेन, देव्हाऱ्यावाल्यांचे. लग्नाचा फोटो चार वर्षांनी कोण बघतो? देव्हाऱ्यातल्या फोटोपुढे पोरं-नातवंडं पन्नास वर्षं उदबत्ती लावणार, श्राद्धाला ताट मांडणार. म्हणून आमच्या वाम सेन गावच्या बाजारातल्या म्हाताऱ्या हातीपायी धड असतानाच माझ्या दुकानात येऊन बसतात. "साउ, जरा गाल भर माझे." "साउ, पुढचा दात लाव रे बाबा." "साउ, जांभळा आओ दाई घाल, हिरव्यात मी आजारी दिसते." घालतो. अंग कुणाचंही चालतं. माझ्या कॉम्प्युटरवर एकच जांभळा आओ दाई, म्हणजे सणासुदीचा लांब झगा, आहे आणि आठ वर्षांत तो दोनशे बायांना बसलाय. फोटो घरी न्यायचा, कपाटात कपड्यांखाली ठेवायचा, आणि वेळ आली की पोरांनी बाहेर काढायचा. अशी रीत आहे.

ताम मावशी आली ती तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाआधी महिनाभर. तिचं बाजारात सुक्या मासळीचं दुकान. तोंड असं की गिऱ्हाईक घासाघीस करायच्या आधीच घाम पुसायचं. त्या दिवशी मात्र बाई गप्प होती. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात टॉवेलात गुंडाळलेली एक चौकट.

"डॉक्टर म्हणाला, हृदय दमलंय," ती म्हणाली. "तेत बघेन म्हणे. पुढचं त्याच्या हातात नाही. तेव्हा चल, काढ फोटो."

"डॉक्टरांचं काय ऐकतेस मावशी? तू त्यालाच पोचवून येशील."

"काढ रे. जीभ नको चालवूस."

काढला. चांगला आला होता. सुरकुत्या होत्या, डाव्या भुवईखालचा तीळ होता, आणि ती मान किंचित कलती करून बघते ना, तेही होतं. मी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. तिनं टॉवेल सोडला आणि आतली चौकट पडद्याला लावून धरली. तिच्या नवऱ्याचा फोटो. हिएप. युद्धात गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. कोणत्या बाजूनं लढला ते आमच्याकडे कुणी विचारत नाही. मूळ फोटो अंगठ्याएवढा, तो माझ्याच बापानं मोठा करून दिलेला. काळेभोर केस, मिशी अजून नीट फुटलेली नाही.

"बघ," मावशी म्हणाली. "काय दिसतं?"

मी एकदा चौकटीकडे बघितलं, एकदा पडद्याकडे.

"आई आणि मुलगा दिसतात, साउ. ही याची आई. सासूबाई माझ्या!" ती हसली, पण डोळे काही हसले नाहीत. "मी तिकडे गेले आणि त्यानं मला वाकून नमस्कार केला म्हणजे? एक्कावन्न वर्षं त्याच्या श्राद्धाला स्वयंपाक करते मी. नारळाच्या पाण्यातली मासळी, कारल्याचं सूप, सगळं त्याच्या आवडीचं. तो येऊन जेवतो की नाही मला माहीत नाही. पण मी जाईन तेव्हा त्यानं मला ओळखायला पाहिजे. मला बावीस वर्षांची कर."

"तुझा तेव्हाचा फोटो दे, आत्ता करतो."

"घर जळलं तेव्हा सगळं जळलं. याचा तेवढा माझ्या बटव्यात होता म्हणून वाचला. फोटो असता तर तुझ्यासारख्याच्या दारात आले असते का?"

इथंच माझं घोडं अडलं. मी आधी सोपा मार्ग काढला. बायकोला तरुण करता येत नाही ना, मग नवऱ्याला म्हातारा करू. दहा दिवस खपलो. हिएपच्या कपाळावर आठ्या घातल्या, केस पिकवले, गाल उतरवले. सुरकुत्या माझ्या बापाच्या फोटोतून घेतल्या. तो जाऊन वीस वर्षं झाली, त्याची हरकत असायचं कारण नव्हतं. काम असं झालं की माझी बायको लिएन म्हणाली, "अगंबाई, जिवंतच आहे की हा!"

मावशीनं तो फोटो हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला.

"गृहस्थ चांगला दिसतोय," ती म्हणाली. "कुठला?"

"मावशी, थट्टा काय करतेस? हिएपकाका आहेत."

"हिएपकाका!" तिनं फोटो टेबलावर पालथा घातला. "याच्याबरोबर मी एक दिवस तरी राहिले का रे? माझा नवरा म्हातारा झालाच नाही. म्हातारी मी झाले, एकटी. याला कशाला बळंच म्हातारा करतोस?"

मग मी तिच्याच चेहऱ्यावर हात चालवला. सुरकुत्या पुसल्या, कातडी ताणली. जे निघालं ते उकडलेल्या अंड्याला डोळे लावल्यासारखं. मावशी तर हसून हसून खोकायलाच लागली. तिला पाठीवर थोपटायला तिची नात क्वेन पुढे आली. ती आजीला स्कूटरवरून घ्यायला आली होती. बावीस वर्षांची पोर, तालुक्याच्या दवाखान्यात नर्स. आजीची पाठ चोळता चोळता तिनं मान किंचित कलती करून पडद्याकडे बघितलं.

आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला.

सबंध बाजार म्हणायचा, क्वेन म्हणजे ताम मावशीचा ठसा. आणि क्वेनचा फोटो माझ्याकडे होता. नोकरीच्या अर्जासाठी मीच काढलेला. आता, आमच्या धंद्यात एकच गोष्ट वर्ज्य. बापानं मला कॅमेरा हातात देण्याआधी सांगितलं होतं: अंग कुणाचंही लाव, पण जिवंत माणसाचा चेहरा दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात घालू नकोस. ज्याच्यापुढे उदबत्ती लागते, त्याला तिकडून बोलावणं येतं. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पुरतं माहीत होतं. पण स्वतःला समजावलं की आपण चेहरा थोडाच घेतोय, जरा डोळे घेतोय, जरा हनुवटी. शहाणपणा नडतो तो असा. डोळे घेतले, हनुवटी घेतली, मग नाक, मग ओठ. तीळ तेवढा मावशीचा लावला, केस जुन्या पद्धतीनं वर बांधले. कुणाला एका शब्दानं बोललो नाही, लिएनलासुद्धा नाही.

मावशी फोटो बघून स्टुलावर बसली. मग बोटानं त्या पोरीचा गाल पुसल्यासारखं केलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"ही मी," ती म्हणाली. "अरे, ही मीच आहे. साउ, तुझ्या हातात देव आहे रे!"

मीही रडलो, खोटं कशाला सांगू? तीस वर्षं या धंद्यात आहे, असं मला कुणी म्हणालं नव्हतं.

तिनं तो फोटो कपाटात ठेवला असता तर काही झालं नसतं. पण जोडा कसा दिसतो ते तिला बघायचं होतं. घरी गेल्या गेल्या देव्हाऱ्यात हिएपच्या शेजारी ठेवला, आणि आनंदाच्या भरात तीन उदबत्त्या लावल्या. तेवढ्यात तिची सून बाजारातून आली. देव्हाऱ्यात बघितलं आणि तिनं जी बोंब ठोकली ती गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेली. तिची पोर, तिची चालतीबोलती पोर, देव्हाऱ्यात बसली होती.

मावशीचा मुलगा तोआन माझ्या दुकानात आला. एरवी मला 'साउदादा, साउदादा' करणारा, माझ्याबरोबर कॉफी पिणारा माणूस.

"माझ्या मुलीचं श्राद्ध घातलंस तू," तो म्हणाला. "दादा म्हणत होतो तुला."

मी त्याच्यासमोर फोटो कॉम्प्युटरवरून पुसून टाकला. पाय धरले. तो पाय सोडवून घेऊन गेला.

चौथ्या दिवशी क्वेनला ताप भरला. डेंग्यू. त्या महिन्यात अर्ध्या वाम सेनला डेंग्यू झाला होता, माझ्या शेजाऱ्याच्या दोन पोरांना झाला होता. पण हे मी कुणाला सांगायला जाऊ? आणि खरं विचाराल तर मला स्वतःला तरी कुठं पटत होतं? क्वेनच्या रक्तातल्या पेशी उतरत होत्या आणि माझी पाचावर धारण बसली होती. दुकानात गिऱ्हाईक फिरकेना. लिएन दोन्ही वेळा पॅगोडात जाऊन डोकं टेकवून यायची, घरी येऊन माझ्याशी बोलायची नाही. तिला ठेवलं होतं त्या जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत मी रोज जायचो आणि फाटकाबाहेर उभा राहून परत यायचो. आत जायचं धाडस नव्हतं आणि घरी बसवत नव्हतं.

मावशीनं तो फोटो अंगणात जाळला. स्वतःच्या हातानं. शेजारणीनं सांगितलं, आधी तिनं तो बराच वेळ मांडीवर घेतला होता.

क्वेन वाचली. नवव्या दिवशी घरी आली, भात जेवली. मी सुटलो असं मला वाटलं. मावशीकडे गेलो. म्हटलं, "मावशी, ये, साधा फोटो काढू. आहेस तशी. छान काढतो."

ती टोपलीतली मासळी निवडत होती. वर बघितलं नाही.

"नको रे," म्हणाली. "मला आता फोटो नको. पोर वाचली, बास झालं."

"अगं, पण देव्हाऱ्यात?"

"भिंत बघतील," ती म्हणाली. "तू जा, उन्हात उभा राहू नकोस."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाजारात जिच्या शिव्यांनी माणसं दचकायची, तिनं मला एक शिवी दिली नाही. तिनं तेत बघितला. तेतनंतर अकराव्या दिवशी, सकाळी दुकानाची फळी काढताना गेली.

त्याच सकाळी क्वेन माझ्याकडे आली. कपाळाला सुतकाची पांढरी पट्टी, आजारानं गाल अजून बसलेले.

"बाबांनी पाठवलंय," ती म्हणाली. "शवपेटीपुढे ठेवायला फोटो नाही. तुमच्याकडे पहिला काढलेला असेल."

होता. सुरकुत्यांचा. मी तो छापायला लावला. ती गेली नाही. माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसली, पडद्याच्या उजेडात.

"काका, तो दुसरा पुन्हा कराल?"

मी मान हलवली. नाही.

"मी सांगते ना. माझा चेहरा आहे, मी देते. बाबांशी मी बोलेन."

"पोरी, असलं बोलू नकोस."

"फोटो जाळला त्या दिवशी आजी दवाखान्यात आली होती. मी अर्धवट शुद्धीत होते. ती माझा चेहरा चाचपत होती आणि म्हणत होती, हा माझाच होता गं, तुझ्याआधी हा माझाच होता. तिनं स्वतःचाच फोटो जाळला, काका. माझ्यासाठी. तुम्ही करा, मला काही होत नाही. मी नर्स आहे, डेंग्यू कशानं होतो ते मला माहीत आहे."

तिचं सगळं खरं होतं. तिचा मूळ फोटो अजून माझ्याकडे होता, दोन तासांचं काम होतं. मी माउसवर हात ठेवला. मला दवाखान्याचं ते फाटक दिसलं, तोआनचं तोंड दिसलं. पोर समोर बसलेली, श्वास घेत असलेली, आणि मी तिला पुन्हा तिथं बसवायचं? नाही झालं माझ्याच्यानं. भित्रा म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

"फाईलच राहिली नाही," मी म्हणालो. "कॉम्प्युटरही धड चालत नाही."

पडदा तिच्या तोंडासमोर लखलखत होता. तिनं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, छापलेला फोटो उचलला आणि "बरं" म्हणून गेली.

रीतीप्रमाणे शंभराव्या दिवशी मावशीचा फोटो देव्हाऱ्यात हिएपच्या शेजारी मांडला. तोआननं मला बोलावलं नव्हतं, पण मी गेलो, आणि त्यानं हाकलूनही दिलं नाही. नारळाच्या पाण्यातली मासळी होती, कारल्याचं सूप होतं. या वेळी सुनेनं केलेलं. उदबत्ती लावायला रांग होती. माझ्यापुढे परगावाहून आलेलं कुणीतरी कुटुंब होतं. त्यांच्यातल्या बाईनं दोन्ही फोटोंना हात जोडले आणि शेजारणीला हळूच विचारलं, "मुलगा तरुणपणीच गेला वाटतं बिचारीचा?"

माझी पाळी आली. उदबत्ती हातात धरली आणि काय म्हणावं कळेना. समोर चोवीस वर्षांचा पोरगा, माझ्या पोरापेक्षा लहान. पण मावशीचा नवरा, म्हणजे नात्यानं काकाच. मी वाकलो.

"हिएपकाका," मी म्हणालो, "मी साउ, फोटोवाला. ही शेजारी बसली आहे ना, ही तुमची आई नाही हो. ही ताम आहे. बायको तुमची. तीळ बघा, डाव्या भुवईखाली. मान बघा कशी कलती करते. ओळखा हो तिला. चूक माझी आहे, तिची नाही. तेवढं ओळखून घ्या."

आवाज बहुतेक मोठा झाला असावा. मागं कुणीतरी खाकरलं.

"साउदादा," तोआन माझ्या दंडाला धरून म्हणाला, "उदबत्ती लाव आणि हो बाजूला. लोक थांबलेत."

मी उदबत्ती लावली आणि बाजूला झालो.