लाँड्रीवाल्या बाईंचा डबा

घरात तिला सगळे धाकटी म्हणायचे. परदेशात दोन वर्षं शिकून पदवी हातात पडली, तरी फोनवर ती धाकटीच होती. शिक्षण संपल्यावर सरळ विमानात बसून घरी यायचं सोडून तिनं पाठीवर सॅक टाकली आणि एकटीच देशोदेशी हिंडायला निघाली. बाबांनी भिंतीवर नकाशा लावला, ताईनं "मजा आहे बाई एका माणसाची" असा टोमणा मारला, आणि आईनं एवढंच विचारलं, "एकटी कशाला गं? बोलायला कुणी नको?"

"एकटीनंच तर फिरायचंय," धाकटी म्हणाली. तेव्हा ते वाक्य फार रुबाबदार वाटलं होतं.

रुबाब लवकरच उतरला. दिवसभर गाव पालथं घालायचं आणि संध्याकाळी सहा पलंगांच्या खोलीत येऊन पडायचं. शेजारच्या पलंगावरची मुलगी विचारणार, कुठली, किती दिवस, पुढे कुठे. सकाळी तो पलंग रिकामा, चादर बदललेली, आणि संध्याकाळी तेच प्रश्न नव्या तोंडून. एकदा पुलावर उभी असताना नदी अशी काही सोनेरी झाली की ती चक्क मोठ्यानं म्हणाली, "ए, ते बघ!" शेजारच्या गृहस्थांनी दचकून आपलं कुत्रं जवळ ओढलं. तिला हसू आलं, पण ते सांगायचं कुणाला? पुढे पुढे तर काही सुंदर दिसलं की तिला त्याचा रागच यायला लागला.

अशातच एका लहानशा गावात तिला सडकून ताप भरला. मुक्कामाची खोली गार, पांघरूण पातळ. खाली रस्त्यावर एक लाँड्री होती. ओळीनं मशीनं, काचेचं दार, आणि आत छान ऊब. धाकटी चार कपडे घेऊन तिथे गेली ती ऊब खायलाच. कपडे मशीनमध्ये टाकून बाकावर अंग मुडपून बसली आणि दात वाजायला लागले.

लाँड्रीवाल्या बाई अंगानं थोराड, चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवलेला. लोकांच्या चादरी हनुवटीखाली धरून घड्या घालत होत्या. अर्धी घडी तशीच टाकून त्या आल्या आणि त्यांनी धाकटीच्या कपाळावर तळवा ठेवला. दोन वर्षांत तिच्या कपाळाला कुणाचा हात लागला नव्हता. तिला रडूच आलं. बाई आत जाऊन आल्या, त्या आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात गरम सूप घेऊन. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. बाईंनी चमचा हातात दिला आणि ती पिते की नाही हे बघत समोर उभ्या राहिल्या. उरलेलं सूप झाकण लावून बरोबर दिलं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला, पण पहाटेची बस ठरलेली आणि लाँड्री बंद. धाकटीनं डबा धुऊन सॅकमध्ये कोंबला. पुढच्या गावी सॅक उपसली तेव्हा कळलं, आईनं विणलेल्या मोज्यांपैकी एक गायब आहे. आईनं जन्मात विणलेली ही एकच जोडी, हळदीच्या रंगाची, आणि टाच भलतीकडेच वळलेली. धाकटीनं घरी त्याची दाद लागू दिली नाही. सुपाची गोष्ट मात्र फोनवर सांगितली.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग डबा कुठाय?"

"माझ्याकडे."

"अगं, त्या बिचारीनं सूप दिलं आणि तू तिचा डबा घेऊन पळालीस?"

"आई, आइस्क्रीमचा प्लॅस्टिकचा डबा आहे गं तो! इथे लोक फेकून देतात."

"लोक देईनात का फेकून. आपण फेकतो का? जाऊन देऊन ये. आणि हो, रिकामा देऊ नकोस. मी कुणाचं भांडं कधी रिकामं दिलंय का?"

झालं! त्या दिवसापासून आईनं डब्याचा धोशा लावला. बाबा विचारायचे किल्ला कसा होता, ताई विचारायची फोटो कधी पाठवतेस, आणि मागून आईचा आवाज यायचा, "डबा दिला का?" धाकटीनं चिडून तो कचऱ्याच्या पेटीशी नेलासुद्धा. हात काही सुटेना. सॅकमध्ये जागा नव्हती, तर मॅडमचे कपडे हातात आणि डबा आत.

परतीचं विमान जवळ आलं. समुद्र तेवढा बघायचा राहिला होता. शेवटी एकदा निवांत समुद्राकाठी बसायचं, हे तिनं निघतानाच ठरवलं होतं. स्टेशनवर ती गाड्यांच्या फलकासमोर उभी राहिली. समुद्राची गाडी लागलेली होती. स्टेशनच्या बाहेर त्या लहानशा गावाची बस.

तिच्या मनात आलं, या एवढ्या मुलखात आपण पुन्हा दिसलो तर "आलीस का?" म्हणेल असं एकही माणूस नाही. असलंच तर ती बाई. आणि तिनंही ओळखलं नाही तर? रोज किती माणसं येत असतील तिच्याकडे धुणं घेऊन! मग परदेशात दोन वर्षं राहूनही आपण कुणाच्या खिजगणतीत नव्हतो, हे एकदाचं पक्कं कळेल. धाकटीला त्याचीच भीती वाटत होती. तरी ती बसमध्ये जाऊन बसली.

गावात पोचल्यावर मुक्कामाच्या स्वयंपाकघरात तिनं सफरचंदं चिरून साखरेत शिजवली. मुरंबा म्हणावा असं काहीतरी झालं. खालून जरासं लागलं, ते तिनं टाकून दिलं आणि वरचं डब्यात भरलं.

लाँड्रीत बाई घड्याच घालत होत्या. धाकटीनं दोन्ही हातांनी डबा पुढे केला. बाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, "काय हे" अशा चेहऱ्यानं तो घेतला आणि सरळ कचऱ्याच्या टोपलीकडे वळल्या. त्यांचं तरी काय चुकलं? गिऱ्हाईक कचरा देतं, त्या टाकतात. धाकटीला वाटलं, आपण समुद्र सोडून आलो ते यासाठी.

पण डबा जड लागला. बाई थांबल्या. झाकण उघडलं, वास घेतला, एक फोड बोटांनी उचलून तोंडात टाकली. चष्मा डोळ्यांवर चढवला. मग जवळ आल्या आणि त्यांनी धाकटीच्या कपाळावर तळवा ठेवला.

ताप नव्हता. बाईंनी मान डोलावली आणि काहीतरी भरभर बोलत, तिचं मनगट धरून, तिला दाराबाहेर ओढत नेलं. बाहेरून काचेकडे बोट दाखवलं. येताना धाकटीचं लक्षच नव्हतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असा, काचेला आतून चिकटपट्टीनं एक मोजा लावला होता. हळदीच्या रंगाचा, टाच भलतीकडे वळलेली. उन्हानं पट्टी सुटत आली होती, तिच्यावर दुसरी लावलेली. बाकीचे हरवलेले मोजे आत टोपलीत पडून होते.

धाकटी तिथेच फुटपाथवर ओक्साबोक्शी रडली. बाईंनी रडू दिलं. मग आत नेऊन मुरंबा आपल्या वाडग्यात काढून घेतला, डबा धुतला, टॉवेलनं कोरडा केला. मोजा काढून त्याची नीट घडी घातली, डब्यात ठेवला आणि झाकण लावून डबा तिच्या हातात दिला.

संध्याकाळी बसथांब्यावरून तिनं घरी फोन लावला.

"डबा दिला का?" आईनं पहिलं तेच विचारलं.

"दिला. मुरंबा घालून दिला."

"आणि ओळखलं का गं तुला?"

"ओळखलं, आई." तिनं डबा मांडीवर घेतला. "तिनंही डबा रिकामा नाही दिला."

"अगंबाई! म्हणजे डबा परत तुझ्याकडेच?"

"हो."

आई म्हणाली, "मग आता तिकडे परत कधी जाणार?"

धाकटीनं मांडीवरच्या डब्यावर हात ठेवला. या परक्या मुलखात आता ती एक देणं लागत होती, आणि ते फेडायची तिला अजिबात घाई नव्हती.