भामाच्या उंचीचा पांगुळगाडा

मित्रांनो, मी तीन चाकांचा एक जुना पांगुळगाडा आहे. नुकतं उभं राहू लागलेलं लेकरू माझा आडवा दांडा धरतं, मला पुढे ढकलतं आणि चालायला शिकतं. नामपल्लीच्या एका सुताराने मला सागवानातून घडवलं. अंबरपेठेतल्या चतुराबाईंचा हिम्मत माझ्याच आधाराने अंगणभर फिरला. माझी चाकं कुरकुरली की शेजारणी म्हणत, "निघाली बघा चतुराबाईंची मोटार!" पुढे हिम्मतचे हिम्मतराव झाले, कचेरीत लागले, आणि मी ओसरीच्या खुंटीवर जाऊन बसलो.

त्या खुंटीवरून मी त्यांची बायको जयवंता घरात आलेली पाहिली. तिला दिवस गेले तेव्हा अंगाची लाही करणारा उन्हाळा होता. चतुराबाईंचा सुनेवर फार जीव. पोटातल्या लेकराला उष्णता बाधू नये म्हणून त्या रोज सकाळी शिंदी, म्हणजे शिंदीच्या झाडाचा ताडीसारखा रस, विकत घेत आणि मडक्याला ओलं फडकं गुंडाळून ठेवत. सकाळची गोड शिंदी दुपारपर्यंत आंबून फेसाळायची, आणि तीच त्या सुनेला पाजत. जयवंता सोमवार धरायची. त्या दिवशी तर पेला काठोकाठ भरला जाई.

"आत्याबाई, आज उपास आहे माझा."

"अगं, झाडाचं पाणी ते! त्यानं कुठला उपास मोडतो? पी, बाळाला थंडावा मिळंल."

उपाशी पोटी पिऊन तिचे डोळे जड होत. ती भिंतीला टेकून पेंगायची. "बघा, कशी शांत झोप लागते," चतुराबाई समाधानाने म्हणत. देव साक्षी आहे, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं.

भामा जन्मली ती एवढीशी. तेल लावताना तिचे हातपाय आखूड दिसत. वर्ष उलटलं. तिच्या बरोबरीची लेकरं दुडूदुडू धावू लागली. मला खुंटीवरून काढलं, पुसलं, चाकांना तेल घातलं आणि भामाला माझ्यापुढे उभं केलं. तिचे हात दांड्यापर्यंत पोचलेच नाहीत. पाय लटपटले आणि ती मटकन खाली बसली.

भाषेप्रमाणे राज्याची वाटणी होण्याचे ते दिवस होते. कचेरीत कोण इथे राहणार, कोण औरंगाबादला जाणार, हीच चर्चा. घरात मात्र धास्ती निराळी होती. जयवंताला पुन्हा दिवस गेले होते, आणि हेही लेकरू भामासारखंच झालं तर, या विचाराने ती खंगत चालली होती. एके दिवशी भामाला दवाखान्यात दाखवून ती परतली, ती चपला न काढताच ओसरीवर उभी राहिली.

"डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पोटुशी असताना काय खाल्लंप्यालं. मी शिंदीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, लेकराची हाडं आईच्या पोटातच घडायला लागतात, आणि आईच्या अंगातली नशा नाळेतून लेकराला पोचते. त्यानंच असं झालं हे छातीठोक सांगता येत नाही म्हणाल्या. पण यापुढे थेंबभरही घेऊ नकोस."

"डॉक्टरीण काल आली!" चतुराबाई फणकारल्या. "हिम्मत पोटात होता तेव्हा मी काय गंगाजल पीत होते? तो नाही चालला? तू बोल की रे!"

"हौ, चाललो की," पेपरातून डोकं वर न काढता हिम्मतराव म्हणाले. "तुमचं तुम्ही बघा ना, आई."

दुसऱ्या दिवशी मडकं पुन्हा ओसरीवर आलं. चतुराबाईंनी पेला पुढे केला. जयवंताने तो घेतला नाही. ती देवघरात गेली, तळहातावर पाणी घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "महादेवा, बाळ होईस्तोवर शिंदीला शिवणार नाही. हेच माझं व्रत." आणि तिने ते पाणी सोडलं.

चतुराबाई जागीच थांबल्या. सुनेचा शब्द त्यांनी मोडला असता, पण देवापुढे सोडलेलं पाणी त्या मोडणार नव्हत्या. "मग आधी सांगायचं होतंस," एवढंच त्या पुटपुटल्या.

दत्तोबा जन्मला तो भरल्या मांड्यांचा. तो वर्षाचा होत आला तेव्हा चतुराबाईंनी एकदा त्याला तेल लावता लावता शेजारी बसलेल्या भामाचा पाय त्याच्या पायाला लावून पाहिला. थोरल्या बहिणीचा पाय जेमतेम भावाच्या पायाएवढा होता. त्यांचा तेलकट हात तसाच राहिला. मग मला काखेत मारून त्या सुताराकडे निघाल्या.

"याचा दांडा खाली घ्या."

"अहो बाई, नातू तुमचा उंच होणार. गाडा बुटका कशाला करता?"

"नातवासाठी नाही. माझ्या भामासाठी," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

दत्तोबा भिंत धरूनच चालायला शिकला. मी भामाचा झालो. तिच्यासोबत मी फार हळू चाललो. पुढे ती माझ्याविना चालू लागली, पण गारठ्यात तिचे पाय ठणकत, आणि बाकीच्या मुली फुगड्या घालत तेव्हा ती माझ्यावर हात ठेवून ओसरीवरून बघायची. चतुराबाई हयातभर तिचे पाय चोळत राहिल्या.

मित्रांनो, सगळं त्या शिंदीनेच झालं, असा दाखला माझ्याजवळ नाही. पण गर्भारपणी घेतलेली दारू असो, ताडी असो की शिंदी, तिने पोटातल्या बाळाची हाडं खुरटू शकतात, हे आता डॉक्टर सांगतात. तुमच्या घरी कुणाला दिवस गेले आणि कुणी मायेपोटी असा पेला पुढे केला, तर पेपरात डोकं घालून बसू नका. तिच्या शेजारी जाऊन उभे राहा आणि तिच्याबरोबर तुम्हीही 'नको' म्हणा. जयवंताला ते एकटीने म्हणावं लागलं.