मॅथेसनांच्या शेजारची जागा

नाताळपर्यंतचं काही सांगता येत नाही असं डॉक्टर बोलून गेले, तेव्हापासून ॲनाबेलाने एकच धोशा लावला होता: आपल्याला पुरणार कुठे? स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या विक गावातल्या सार्वजनिक दफनभूमीचं नाव तिच्यापुढे काढायची सोय नव्हती.

"तिथं परक्यांच्या रांगेत? मी काय बंदरात वाहून आलेलं प्रेत आहे?" ती लेक जेसीला फाडकन विचारी.

या हट्टाचं मूळ जेसीला ठाऊक होतं. आई बाळंतपणात गेल्यावर ॲनाबेलाला तिच्या बापाकडच्या आजीने, बार्बराने, सांभाळलं. आजीही गेली तेव्हा पॅरिशने, म्हणजे चर्चच्या गावकारभाराने, त्या लहानग्या पोरीला लांबच्या एका शेतावर पोसायला दिलं. तिथे ती जेवली सर्वांच्या मागून आणि चर्चमध्ये बसली दाराजवळ, कारण पुढचे बाक घराण्यांचे होते. पुढे चाकरीही परक्या घरांतच झाली. नवरा समुद्राने गिळला. त्यालाही थडगं नव्हतं. निदान शेवटी तरी आपल्या माणसांत पडावं, एवढंच तिचं मागणं होतं.

म्हणून पोस्टातल्या नोकरीच्या सुटीचे सगळे शनिवार जेसीने वाचनालयात घातले. मायक्रोफिल्मच्या काळ्या फिती यंत्रावर सरकवत ती पॅरिशच्या नोंदी आणि जनगणना वाचत राहिली. घरात माहीत होतं ते इतकंच, की बार्बराची आई कर्स्टी मॅथेसन हेरिंग मासे साफ करायला डोंगरांकडून विकला आली आणि इथेच एका पिंपं बनवणाऱ्याशी लग्न करून राहिली. अखेर ऑर्डेल खोऱ्याच्या पॅरिशमध्ये तिचा बाप्तिस्मा सापडला: कर्स्टी, अँगस मॅथेसन आणि एल्स्पेथ यांची मुलगी. वय जुळत होतं, जिल्हा जुळत होता. त्या खोऱ्यात मॅथेसन घराणं अजून नांदत होतं. जुन्या चर्चच्या आवारातल्या त्यांच्या दफनाच्या जागांचा हक्क आता डोलीना नावाच्या वृद्ध बाईकडे होता. तिने जेसीला पहिल्या भेटीतच चुलतबहीण ठरवून टाकलं, आणि परवा फोनवर म्हणाली, "अँगसच्या शेजारी जागा आहे. तुझ्या आईला घरी घेऊन ये."

जेसी धावतच वृद्धाश्रमात गेली. आईने सगळं ऐकून घेतलं. तिच्या गालांवर कितीतरी दिवसांनी रंग आला. मग तिने हळूच विचारलं, "आणि कर्स्टीची आई कोण म्हणालीस?"

"एल्स्पेथ."

"मग बार्बरा कुठून आली?"

"म्हणजे?"

"अगं, माझी आजी घरात थोरली. थोरल्या लेकीला आईच्या आईचं नाव, म्हणजे कर्स्टीची आई बार्बराच हवी. तुला नाही का माझ्या आईचं ठेवलं? तुझा बाप तोंड वाकडं करत होता तरी ठेवलं."

"मोडली असेल रीत कुणी, आई."

"श्रीमंतांनी मोडली असेल. आमच्याकडे लेकराला द्यायला नावाशिवाय होतं काय?"

जेसी हसली, पण त्या शनिवारी वाचनालयाचं दार उघडण्याआधीच ती पायरीवर उभी होती. एवढ्या शोधात तिने एक गोष्ट केली नव्हती. कर्स्टी विकला आली हे गृहीत धरल्यावर अँगसच्या घरात पुढे काय झालं, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. कर्स्टीच्या लग्नानंतर झालेल्या जनगणनेच्या रात्री जो जिथे झोपला तिथे मोजला गेला होता. विकमध्ये कर्स्टी नवऱ्याच्या घरी होती. आणि त्याच रात्री ऑर्डेल खोऱ्यात, बापाच्या छपराखाली, अँगसची कर्स्टी होती: वय तेच, अविवाहित.

म्हणजे ती ही नव्हे.

मग जेसीने आई बार्बरा असलेल्या कर्स्टीचा शोध सुरू केला. गरिबाघरचे बाप्तिस्मे कित्येकदा नोंदवलेच जात नसत. हाती लागलं ते एकच: आधीच्या एका जनगणनेत, दुसऱ्या एका खोऱ्यात विणकराच्या घरी ठेवलेली कर्स्टी मॅथेसन नावाची मुलगी. नात्याच्या जागी 'निराधार'. जन्मस्थळ, माहीत नाही. तीच आपली, असंही म्हणता येईना. त्यापलीकडे नुसती भिंत.

डोलीनाला तिने खरं सांगून टाकलं.

"असू दे गं," डोलीना म्हणाली. "मातीखाली कोण कुणाची कुळी विचारतंय? आण तिला. मी कुणापाशी बोलणार नाही."

आईशी खोटं बोलावं, हे जेसीने वृद्धाश्रमाच्या वाटेतच ठरवलं होतं. एका वाक्याचा तर प्रश्न होता. पण ती खोलीत शिरली आणि आईने मान वळवली.

"नाहीत ना ते आपले?"

जेसी कोट न काढता खुर्चीवर बसली. "डोलीना म्हणते, तरीही या."

"भली बाई आहे," ॲनाबेला म्हणाली. "शेतावरची बाईही भलीच होती. मी तिची भाकर खाते हे तिनं मला कधी विसरू दिलं नाही. जन्मभर भल्या लोकांच्या घरात राहिले मी, जेसी. आता मेल्यावर तरी नको."

"मग कुठे, आई?"

"जाळून टाका. इन्व्हरनेसला सोय झालीय म्हणे."

प्रेत जाळणं या बाईने आयुष्यभर अधर्म मानलं होतं. जेसीने खुर्ची तिच्याजवळ ओढली. "राख समुद्रात सोडू? बाबांपाशी?"

"तो कुठल्या समुद्रात आहे, ते तरी कुणाला ठाऊक आहे?" मग तिने विचारलं, "कर्स्टीलाही असंच कुणीतरी ठेवून घेतलं होतं का?"

विणकराच्या घराबद्दल जेसी अवाक्षर बोलली नव्हती. आताही तिच्याने बोलवेना. पण गप्प राहणं हेच उत्तर ठरलं. आईने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे आपलं पहिल्यापासून हेच," ती म्हणाली.

जेसीने तिचा हात हातात घेतला. ॲनाबेलाने तो सोडवून घेतला नाही, आणि धरलाही नाही.