शाळेमागची तोकबोकी

विभागप्रमुख प्यो दोकसू यांचं बालपण कचेरीत सगळ्यांना तोंडपाठ होतं. "घरात खायची मारामार," ते सांगत, "पण मित्र मला सोडून तोकबोकी खायचे नाहीत. असलं प्रेम आता कुठं राहिलंय?"

देगू शहरातलं शाळेमागचं ते तोकबोकीचं दुकान पाडणार असं कळल्यावर सगळा विभाग तिथं नेण्यात आला. म्हणजे स्वखुशीनं आला. कढईत तोकबोकी, म्हणजे लाल रश्शातल्या तांदळाच्या कांड्या, रटरटत होती. साहेबांनी सुरुवात केल्याशिवाय कुणी तोंडात घास घालायचा नसतो, आणि साहेबांचं लक्ष खाण्यात नव्हतंच. दुकानवाल्या आजीनं आपल्याला ओळखावं, तेही चारचौघांत, एवढीच त्यांची इच्छा होती.

"आजी, मी दोकसू. गितेकच्या टोळीतला."

म्हातारीनं डोळे बारीक केले आणि एकदम खुलली. "अरे, भूभू!"

कुणीतरी खोकलं.

"तुम्हाला दुसरा कुणी आठवत असेल, आजी."

"दुसरा कसा? भुंकलास की गितेक तुला एक कांडी टाकायचा. काय गोड भुंकायचास रे! रस्त्यावरची माणसं थांबायची. माझं दुकान तुझ्यावर चाललं." तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "उद्या हे सगळं जाणार. एकदा भुंक ना, राजा."

विभाग आपापल्या ताटलीत बघू लागला. प्योसाहेब हसत होते. फक्त चेहऱ्याला ते कळलेलं नव्हतं.

"मेंग," ते आपल्या उपप्रमुखाला म्हणाले, "आजींची इच्छा आहे. भुंका."

मेंग पन्नाशीचा, बढतीच्या उंबरठ्यावरचा. त्यानं टाय सैल केला. "भो," तो अदबीनं म्हणाला.

"छे!" म्हातारी म्हणाली. "याला घरी जेवायला मिळतं. कळतं की लगेच."

"मनापासून, मेंग. सोमवारी बढतीची बैठक आहे."

मेंग स्टुलावरून उतरला. खाली फरशीवर गुडघे टेकून, मान वर करून तो असा काही भुंकला की शेजारच्या दुकानातले लोक बघायला आले.

"हां! अस्सं!" म्हातारीनं टाळी वाजवली. कढईतली एक टपोरी कांडी तिनं त्याच्या तोंडात घातली आणि त्याच्या टकलावरून हात फिरवला. "शहाणं माझं बाळ."

प्योसाहेबांनी तोंड फिरवलं. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.